अमेरिकेतील 'ब्राह्मण' गुरे : नाव आणि गुण

शब्द देशांतरास गेला म्हणजे त्याचा अर्थ किती दूर सरकतो, याचे अमेरिकेतील 'ब्राह्मण' गुरे हे एक विलक्षण उदाहरण होय. देवाच्या नावाने सोडलेल्या वळूला भारतातील इंग्रज 'ब्राह्मणी' वळू म्हणत. त्या प्रयोगाची छाया या नावामागे असावी. १९२४ साली स्थापन झालेल्या पैदासकारांच्या संघाचे चिटणीस जे. डब्ल्यू. सार्टवेल यांनी हे नाव सुचविले आणि गोपूजेची आठवण देणारा शब्द मांसासाठी पाळावयाच्या जातीस कायमचा चिकटला.

मात्र ही जात जशीच्या तशी भारतातून गेलेली नाही. १८५४ साली लुइझियानातील रिचर्ड बॅरो यांस ब्रिटिश सरकारकडून दोन भारतीय वळू मिळाले. पुढे कांक्रेज, ओंगोल, गीर व कृष्णाकाठची गुरे तेथे पोहोचली. एकूण आयात तीनशेहूनही कमी, आणि तीत बहुतेक वळूच. स्थानिक गाईंशी त्यांचा संकर करून प्रत्येक पिढीत पुन्हा भारतीय रक्ताचा वळू योजिला, म्हणजे भारतीय अंश निम्मा, पाऊण, सात-अष्टमांश असा वाढत जातो. नवी जात घडली ती या मार्गाने.

तिचा लाभ कोणता? मेक्सिकोच्या आखाताकाठी उष्मा, दमट हवा व गोचीड यांमुळे युरोपीय गुरे खंगत. भारतीय वंशाच्या गुरांची कातडी सैल व काळसर, केस आखूड व चकचकीत, आणि घाम येण्याची क्षमता अधिक. शिवाय त्यांच्या शरीरात उष्णता कमी निर्माण होते. त्यामुळे भर उन्हातही ती चरत राहतात. त्यांच्यावर गोचीड कमी टिकतात, निकस चाऱ्यावर ती तग धरतात आणि पाण्यासाठी दूरवर चालतात. वासरे जन्मतः लहान असल्याने गाई सहज वितात.

दोषही नमूद केले पाहिजेत. ही गुरे उशिरा वयात येतात आणि त्यांचे मांस युरोपीय जातींइतके मऊ नसते. म्हणूनच त्यांचे खरे मोल संकरात दिसते. टेक्सासमधील किंग रँचने शॉर्टहॉर्नचा पाच-अष्टमांश व ब्राह्मणचा तीन-अष्टमांश अंश राखून 'सांता गर्ट्रूडिस' जात सिद्ध केली. तिला १९४० साली सरकारी मान्यता मिळाली.

यातून निघणारा प्रश्न आपल्या दाराशी येतो. काटकपणा हा गुण एका ऋतूत किंवा एका पिढीत निर्माण होत नाही. तो शतकानुशतकांच्या निवडीचे फळ असतो. सांगली-मिरजेच्या काळ्या जमिनीत राबणारी कृष्णाकाठची जात आज मूळ प्रदेशातच अतिशय विरळ झाली आहे. ज्या गुणांची पारख सातासमुद्रापार झाली, त्यांचे मूळ बीज घरी राखणे हे आता केवळ शेतकऱ्याचे काम राहिलेले नाही. लोपलेल्या शब्दाचा पत्ता निदान जुन्या पोथीत तरी लागतो. लोपलेल्या वंशाची अशी पोथी नसते.