रायफलच्या पितळी पुंगळ्या : चांगली कोणती, कशी ओळखायची?

काडतूस पुन्हा भरताना गोळी, दारू आणि प्रायमर दर वेळी नवे असतात. पुंगळी मात्र तीच राहते. म्हणून तिचा दर्जा सर्वांत महत्त्वाचा. धातू बहुतेक ठिकाणी एकच : ७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त. फरक पडतो तो घडणीत. बूड कडक हवे, म्हणजे प्रायमरची खाच लवकर सैल होत नाही; मान मऊ हवी, नाहीतर ती तडकते. त्यासाठी मान तापवून मऊ करतात. फिनलंडच्या लापुआ पुंगळ्यांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही त्याचीच खूण. अनेक अमेरिकी उत्पादक ती पॉलिश करून काढतात, त्यामुळे नुसत्या चकाकीवर जाऊ नये.

मानेची जाडी सगळीकडून सारखी असणे ही अचूकतेच्या दृष्टीने खरी कसोटी, आणि लापुआचा लौकिक मुख्यतः त्यावरच आहे. भिंतीची जाडीही पाहावी : .३०८ विंचेस्टर काडतुसात लष्करी ७.६२ नाटो पुंगळ्या सहसा जाड भिंतीच्या, म्हणून आतली जागा कमी. तेवढ्याच दारूने दाब वाढतो. लष्करी आणि व्यापारी पुंगळ्यांची सरमिसळ धोक्याचीच.

वापरलेल्या पुंगळीच्या बुडाच्या किंचित वर चमकदार कडे दिसले, तर टोक वाकवलेली तार आतून फिरवावी. ती आतल्या भिंतीतल्या खाचेत अडकली, तर पुंगळी भंगारात टाकावी.