बेलापूरचे स्टेशन आणि आजची पेढी

प्रवरेच्या काठी वसलेले बेलापूर हे जुने बाजारपेठेचे गाव. 1878 साली दौंड-मनमाड रेल्वेमार्ग सुरू झाला. स्थानकाला नाव बेलापूरचे मिळाले. स्थानक मात्र गावापासून काही मैल दूर उभे राहिले. पुढे त्या स्थानकाभोवती दुकाने, वखारी, अडती वाढत गेल्या आणि त्यातून श्रीरामपूर शहर घडले. नाव बेलापूरचे, बाजार श्रीरामपूरचा! यात कोणाच्या सचोटीचा दोष नव्हता. मालाची वाट बदलली आणि बाजार वाटेमागे गेला.

आज तसेच नवे स्थानक प्रत्येक ग्राहकाच्या खिशात आले आहे. एप्रिल 2016 मध्ये यूपीआयची सुरुवात झाली. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने दुकानांची दारेच मिटली. चार वर्षांत पेढीने चार वळणे पाहिली. ज्यांनी दर वळणावर थोडे थोडे शिकून घेतले, त्यांना पुढचे वळण सोपे गेले. ज्यांनी ‘हेही दिवस जातील’ म्हणून वाट पाहिली, त्यांच्यावर सगळे ओझे एकदम आले.

तथापि, गल्ल्यावर क्यूआर कोड चिकटवला म्हणजे पेढी आधुनिक झाली, असे नव्हे. तो चौकोन 1994 साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निर्माण झाला. नोंद हेच त्याचे मूळ काम! कोणता माल किती दिवसांत उठतो, कोणाची उधारी किती महिने थकली आहे, कोणत्या मालात भांडवल अडकून पडले आहे, हे रोज संध्याकाळी कळू लागले, तरच तंत्रज्ञानाचा उपयोग. रोजमेळ आणि खतावणी काटेकोर ठेवणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ही शिस्त नवी नव्हती. साधन तेवढे बदलले आहे.

सावधपणाही हवाच. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे. ग्राहकाने दाखवलेल्या चित्रावर न विसंबता रक्कम स्वतःच्या खात्यात जमा झाल्याची खात्री करावी.

एकट्या छोट्या दुकानदाराने मोठ्या ऑनलाइन कंपन्यांपुढे टिकावे कसे? त्याचे उत्तर याच परिसरात आहे. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभारला. साखर तयार करण्याची यंत्रे जगात आधीपासूनच होती. नवी होती ती मालकीची रीत. गावातील दहा-बारा दुकानदारांनीही एकत्र खरेदी केली, घरपोच मालासाठी एकच माणूस आणि एकच गाडी ठेवली, तर खर्च वाटला जाईल आणि ओळखीचा ग्राहक गावातच राहील. ओळखीवर उधार देण्याची माया कोणत्याही ॲपला जमलेली नाही.

येत्या दिवाळीला वहीपूजन करताना घरातील तरुण मुला-मुलींना पेढीवर शेजारी बसवावे. हिशेबाचे यंत्र त्यांनी शिकवावे, माणसांची पारख वडीलधाऱ्यांनी शिकवावी. मालाची वाट पुन्हा बदलेल. ती बदलत असताना दोन्ही पिढ्यांची नजर रस्त्यावर असली पाहिजे.