काळ्या बुरशीचा उन्हाळा

इंदूरच्या दवा बाजारात एप्रिल 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, रांगा लागल्या त्या रेमडेसिव्हिरसाठी. मे उजाडला आणि शोधाशोध सुरू झाली ती बुरशीविरोधी अ‍ॅम्फोटेरिसिन-बीची. एम. वाय. हॉस्पिटलला काळ्या बुरशीच्या रुग्णांसाठी वेगळे वॉर्ड काढावे लागले. नाकातल्या खपलीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की रुंद, काटकोनात फुटलेले तंतू दिसत, आणि मग शस्त्रक्रियेची घाई. सायनस खरवडायचे, कधी टाळू काढायची, कधी डोळा.

दोष कशाकशाला दिला नाही? ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी, न धुतलेला मास्क. ठपका कोविडवर दिलेल्या स्टेरॉइडवरही आला, पण ते शरीरात नेमकं काय करतं हे फारसं कुणी सांगितलं नाही.

1948 मध्ये मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत त्या चालू लागल्या. दोनच वर्षांत नोबेल! कारण कळायला मात्र खूप वेळ लागला. स्टेरॉइड ज्याला चिकटतं त्या रिसेप्टर प्रथिनाचं जनुक 1985 मध्ये हाती आलं, आणि त्याची करामत उलगडत गेली ती नव्वदच्या दशकापासून. औषध चिकटलं की हे प्रथिन पेशीकेंद्रकात शिरतं आणि दाह पेटवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला तिथेच गाठतं. सोबत एचडॅक-2 हे विकर येतं आणि डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवरच्या अ‍ॅसिटिल खुणा पुसून टाकतं. डीएनए आवळला जातो, जनुक वाचलंच जात नाही. दाह ओसरतो, बुरशी गिळणाऱ्या पेशीही मंदावतात. यकृतात मात्र हेच प्रथिन साखर बनवणारी जनुकं चालू करतं, रक्तातली साखर वाढते. बुरशीला आणखी काय हवं?

जून 2020 मध्ये जाहीर झालेल्या ‘रिकव्हरी’ या कोविडवरच्या चाचणीत रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा नव्हता. एवढं स्पष्ट असूनही साध्या तापावर गोळ्या सुरू झाल्याच. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या, देशातल्या 16 केंद्रांच्या पाहणीत बुरशीच्या 287 रुग्णांपैकी 187 जण कोविडचे निघाले, आणि स्टेरॉइडच्या अयोग्य वापराशी त्याचा संबंध दिसला. दुसरी लाट तेव्हा यायचीच होती.

स्टेरॉइडला घाबरू नका, त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. पण गोळी सुरू होताना डोस किती, दिवस किती, हे डॉक्टरांना विचारा, शुगर तपासत राहा, आणि उरलेली पट्टी शेजाऱ्याला देऊ नका.