यकृताचा जुनाट विकार आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

यकृत हे मानवी शरीरातील सर्वांत मोठे अंतर्गत इंद्रिय होय. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम भरते. पित्त निर्माण करणे, रक्त गोठण्यास लागणारी प्रथिने तयार करणे, विषारी द्रव्ये निष्प्रभ करणे अशी अनेक कामे ते अहोरात्र करीत असते. रक्तातील कोलेस्टेरॉलचा जमाखर्चही मुख्यतः यकृतच सांभाळते. म्हणून ज्याचे यकृत दीर्घकाळ आजारी आहे आणि ज्याच्या रक्तात कोलेस्टेरॉलही वाढले आहे, अशा माणसापुढे एक पेच उभा राहतो. कोलेस्टेरॉल तसेच राहू द्यावे, तर हृदयास धोका. ते कमी करणारे औषध घ्यावे, तर त्याचे कार्य यकृतातच घडते. दुर्बल यकृतास ते झेपेल काय? या शंकेमुळे अनेक रुग्ण आवश्यक औषधास मुकत आले आहेत. तिचे उत्तर आता बऱ्याच अंशी मिळाले आहे.

कोलेस्टेरॉल आणि यकृत

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पांढरा पदार्थ आहे. अठराव्या शतकात तो प्रथम पित्ताशयातील खड्यांत आढळला. १८१५ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याचे नामकरण केले. हा पदार्थ मुळात शत्रू नव्हे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि पचनास उपयोगी पडणारी पित्ताम्ले त्यापासूनच बनतात. शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल अन्नातून येत नाही. ते शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो.

तेल जसे पाण्यात विरघळत नाही, तसे कोलेस्टेरॉलही रक्तात विरघळत नाही. ते मेदप्रथिनांच्या सूक्ष्म कणांत भरून वाहून नेले जाते. यांपैकी अल्प घनतेचे कण प्रमाणाबाहेर वाढले, तर ते रोहिणींच्या, म्हणजे हृदयाकडून निघणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या, भित्तींत साचू लागतात. वाहिनी अरुंद होते. पुढे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात संभवतो. हे कण रक्तातून उचलून घेणारे ग्राही प्रामुख्याने यकृताच्या पेशींवर असतात. या ग्राहींच्या शोधाबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

स्टॅटिन औषधांचे कार्य

१९७३ साली जपानमध्ये आकिरा एन्डो यांनी एका बुरशीतून असा पदार्थ वेगळा केला, की जो कोलेस्टेरॉल बनविणाऱ्या एका महत्त्वाच्या एन्झाइमास अडवितो. यातूनच पुढे ‘स्टॅटिन’ वर्गातील औषधे निर्माण झाली. त्यांपैकी पहिले १९८७ साली अमेरिकेत विक्रीस आले. स्टॅटिनमुळे यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडू लागते. ती उणीव भरून काढण्यासाठी पेशी आपल्या पृष्ठभागावर अधिक ग्राही उभारते आणि रक्तातील कोलेस्टेरॉल आत ओढून घेते. अशा रीतीने रक्तातील प्रमाण उतरते.

भीतीचे मूळ

यकृताच्या पेशींत असणारी काही एन्झाइमे अल्प प्रमाणात रक्तात उतरतात. पेशींना इजा झाली की हे प्रमाण वाढते. म्हणून रक्ततपासणीत ती मोजली जातात. स्टॅटिन घेणाऱ्या थोड्या लोकांत ही वाढ आढळली आणि हे औषध यकृतास घातक आहे, असा समज रूढ झाला. परंतु ही वाढ बहुधा किंचित असते आणि पुष्कळदा औषध चालू असतानाच ओसरते. यकृतास गंभीर इजा होण्याचे प्रमाण लाखात एकाच्या आसपास आहे. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली, सर्व रुग्णांत ठरावीक मुदतीने यकृताच्या तपासण्या करीत राहण्याची शिफारस मागे घेतली. औषध सुरू करण्यापूर्वी एकदा आणि पुढे लक्षणे दिसल्यास तपासणी करावी, असे तिच्या जागी सांगण्यात आले.

ज्यांचे यकृत आधीच बिघडलेले आहे, त्यांच्याविषयी ग्रीसमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. हृदयरोग असलेल्या ४३७ रुग्णांत यकृताची एन्झाइमे मध्यम प्रमाणात वाढलेली होती. याचे कारण बहुधा यकृतात साठलेली चरबी हे होते. स्टॅटिन घेणाऱ्या २२७ जणांपैकी २२ जणांना, तर न घेणाऱ्या २१० जणांपैकी ६३ जणांना पुढे हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार जडले. शिवाय स्टॅटिन घेणाऱ्यांची यकृत-एन्झाइमे सुधारली. हे पृथक्करण मूळ चाचणी संपल्यानंतर केलेले असल्याने त्यास अंतिम पुरावा म्हणता येत नाही. तरी त्याची दिशा स्पष्ट आहे. यकृतात चरबी साठलेल्या लोकांच्या मृत्यूचे प्रमुख कारण यकृताचा नव्हे, तर हृदय व रक्तवाहिन्यांचा विकार असतो. भारत सरकारनेही २०२१ साली मद्येतर मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य रोगांविषयीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

सर्व यकृतविकार सारखे नव्हेत

यकृतात चरबी साठली आहे, विषाणूजन्य यकृतदाह जुनाट आहे, किंवा यकृत कठीण होऊ लागले असूनही आपले काम पार पाडीत आहे, अशा रुग्णांना गरज असल्यास स्टॅटिन सामान्यतः देता येते. एन्झाइमांची तिपटीहून कमी वाढ एवढ्यानेच ते नाकारण्याचे कारण नसते.

पित्ताचा मार्ग अवरुद्ध करणाऱ्या जुनाट विकारांत प्रकार वेगळा असतो. पित्तावाटे बाहेर पडणारे कोलेस्टेरॉल मागे रक्तात साठते आणि तपासणीतील आकडा फार चढतो. त्यातील बराच भाग एका निराळ्या मेदप्रथिनाचा असतो. त्यामुळे केवळ आकड्यावरून हृदयाचा धोका ठरविता येत नाही. येथे मूळ विकाराचे उपचार प्रथम महत्त्वाचे ठरतात.

तिसरी अवस्था सर्वांत गंभीर. यकृत-काठिण्य वाढून जलोदर, कावीळ किंवा बुद्धिभ्रंश उद्भवला, म्हणजे यकृताची कार्यशक्ती संपत आली असे समजावे. अशा वेळी कोलेस्टेरॉल पुष्कळदा आपोआप उतरते. परंतु ते सुचिन्ह नव्हे. कारखान्याचे उत्पादन मंदावले, एवढाच त्याचा अर्थ. येथे औषध शरीरात साचून स्नायूंचा नाश होऊ शकतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत अशा काही रुग्णांवर सिम्व्हास्टॅटिनच्या रोज ४० मिलीग्रॅम मात्रेने हा परिणाम झाला. २० मिलीग्रॅम घेणाऱ्यांत तो आढळला नाही. म्हणून या अवस्थेत औषध द्यावे की नाही आणि किती द्यावे, हे तज्ज्ञानेच ठरवावयाचे असते.

आहार आणि दक्षता

औषधाइतकेच महत्त्व आहाराला आहे. लठ्ठ व्यक्तीने वजन शेकडा ५ ने घटविले तरी यकृतातील चरबी कमी होते. शेकडा ७ ते १० घट झाल्यास दाहही उतरतो. तूप, लोणी, वनस्पती तूप, वारंवार तापविलेले तेल आणि साखर यांना आवर घालावा. डाळी, भाज्या, फळे व भरड धान्ये यांना ताटात अधिक जागा द्यावी. मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे. मात्र यकृत-काठिण्याच्या रुग्णाने उपासमार करू नये. त्याचे स्नायू लवकर झडतात; म्हणून पुरेशी प्रथिने आणि रात्री निजण्यापूर्वी थोडे खाणे त्यास हितकारक असते.

कोलेस्टेरॉलसाठी पूर्वी पुष्कळ वापरले जाणारे नियासिन मोठ्या मात्रेत यकृतास अपाय करू शकते. यकृतदाहावरील काही विषाणुरोधक औषधे आणि यकृत-रोपणानंतरची काही औषधे स्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढवितात. म्हणून घेत असलेले प्रत्येक औषध, काढा व चूर्ण वैद्यास सांगणे आवश्यक ठरते. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे किंवा अकारण तीव्र स्नायुदुखी, यांपैकी काही दिसल्यास विनाविलंब तपासणी करून घ्यावी.

सारांश, यकृताचा विकार आहे एवढ्याच कारणावरून हृदयाच्या रक्षणाकडे पाठ फिरवू नये. तसेच कोलेस्टेरॉलचा आकडा वाढला एवढ्याच कारणावरून यकृताची अवस्था न पाहता औषधही घेऊ नये. आधी यकृताची शक्ती किती उरली आहे हे जाणावे, मग उपाय निवडावा. औषध मनाने सुरू करणे जितके धोक्याचे, तितकेच ऐकीव भीतीने ते मध्येच सोडून देणेही धोक्याचे होय.