सरकारी वनभूमीवर पहिली एल्क-मृगया : कोलोरॅडो

प्राणी : एल्क अथवा वापिटी हा काश्मीरच्या हंगुलाचा सगोत्र, पूर्ण वाढीच्या नराचे वजन ३०० किलोंच्या घरात जाते.

मुलूख : १९०५ साली स्थापन झालेले वनखाते व १९४६ चे भूव्यवस्थापन खाते यांच्या ताब्यातील बहुतेक जमीन सर्वांस खुली असली, तरी लगतच्या खाजगी हद्दीत मालकाच्या अनुमतीवाचून पाऊल ठेवता येत नाही; सबब हद्दी दाखविणारा नकाशा जवळ हवाच. १९६४ च्या कायद्याने राखलेल्या अरण्यक्षेत्रांत मोटारींस सक्त मनाई आहे. शेजारच्या वायोमिंगमध्ये अशा क्षेत्रात परराज्यातील शिकाऱ्यास परवानाधारक वाटाड्या अथवा स्थानिक रहिवासी सोबत घ्यावा लागतो. कोलोरॅडोत ती अट नाही.

परवाना : १ जानेवारी १९४९ रोजी वा तदनंतर जन्मलेल्यास शिकार-शिक्षणाचा दाखला अनिवार्य. सोडतीचे अर्ज वसंत ऋतूतच भरावे लागतात.

पोशाख : बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी वा गुलाबी वस्त्र, आणि त्याच रंगाची टोपी.

मांस : पहिल्या खेपेस सर्वाधिक दुर्लक्ष होते ते येथेच. जाड कातडी व मानेवरील दाट आयाळ उष्णता कोंडून धरीत असल्याने कातडी तत्काळ सोलून, फऱ्या व मांड्या सुट्या करून, हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत सावलीला टांगतात. हाडे काढल्यावरही मोठ्या नराचे मांस ८० ते १०० किलो भरते. पाठीवरून ते वाहण्यास अनेक खेपा लागतात. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा गुन्हा आहे.