मोडीत निघणारा वारसा आणि संग्रहालयांची रिकामी तिजोरी

उजनीच्या जलाशयाचे पाणी ओसरू लागले म्हणजे भिगवणच्या पट्ट्यात दोन गोष्टी पाहण्यासाठी पुण्या-मुंबईकडची माणसे येतात. एक, उथळ पाण्यात उतरलेले रोहित पक्ष्यांचे थवे आणि दुसरी, टंचाईच्या वर्षी पाण्याबाहेर डोके काढणारे पळसदेवचे जुने देवालय. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्याच्या नदीकाठचे एक अख्खे जग त्याच्या पोटात गेले. देवालयाचे शिखर, आवारातील वीरगळ आणि कोरीव शिळा पाहून येणारे हळहळतात, छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात.

देऊळ निदान अधूनमधून दिसते तरी. गावे उठली तेव्हा, आणि त्यानंतरच्या चार दशकांत जुन्या वाड्यांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहिली तेव्हा, माणसांच्या घरांतून जे नाहीसे झाले, ते पाणी कितीही ओसरले तरी वर येणारे नाही. समया, लामणदिवे, पानाचे डबे, नक्षीचे अडकित्ते, गणेशपट्टी कोरलेल्या चौकटी, मोडी कागदांची दप्तरे, आजोबांनी हौसेने काढून घेतलेले तैलचित्र यांपैकी पुष्कळसे तागडीत पडले किंवा सरपणात गेले. या व्यवहाराला मराठीत ‘मोडीत घालणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. मोडीच्या भावात धातूचे वजन धरले जाते. घडविणाऱ्याचा हात धरला जात नाही. वजनाने विकली गेलेली तीच समई शहरातील जुन्या वस्तूंच्या दुकानात पोहोचली की तिची किंमत अनेक पटींनी वाढते. मधला फरक ना विकणाऱ्या कुटुंबाला मिळतो, ना समाजाला.

या दोन भावांच्या मध्ये उभे राहायला हवे ते संग्रहालयाने. रास्त किंमत देऊन वस्तू सार्वजनिक मालकीत आणणे हे त्याचे मूळ काम. परंतु लहान संग्रहालयांची मिळकत वेतन, वीज आणि डागडुजी यांतच संपते, आणि वस्तू विकायला निघते ती मात्र घरात लग्न, आजारपण किंवा वाटणी निघाली म्हणजे. त्या आठवड्यात ज्याच्या हाती रोकड असते तोच ग्राहक ठरतो. संग्रहालयाचा प्रस्ताव, मंजुरी, पुढील वर्षाची तरतूद या वाटेने निघालेला पैसा तेथे वेळेवर पोहोचू शकत नाही.

महाराष्ट्रातील संग्रहालये मग उभी राहिली कशी? बहुतांशी दानातून. पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचा आर्थिक अर्थ फारसा कोणी लावलेला नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्री, दौती आणि चित्रकथीची चित्रे जमविली. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून ते पुन्हा उभे केले. वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा हा संग्रह, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने, १९७५ साली त्यांनी राज्य शासनाच्या स्वाधीन केला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर अर्धशतकाहून अधिक काळ एका कुटुंबाने महाराष्ट्राचा खरेदी-निधी स्वतःच्या पदरच्या पैशांनी चालविला. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले, तेव्हा संस्थानिक आणि रसिक या दोन्ही भूमिका एकाच माणसात होत्या. राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूरचे शिल्प त्या आडगावी आले ते त्यामुळेच.

दानाबरोबर विकत घेण्याचीही परंपरा होती, हे मात्र विसरले जाते. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, लोकांसाठी १९२२ साली खुले झाले. पण त्याच्या विश्वस्तांनी शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ सालीच मिळविला होता. इमारत पुढे कशी सजेल याची चिंता करण्यापूर्वी तिच्यात ठेवायचे काय, याचा विचार त्यांनी केला. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह नंतर दान म्हणून आले. आधी खरेदी झाली, मग दान आले, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. कारण जी संस्था स्वतः वस्तूंची पारख करते आणि त्यासाठी पैसे मोजते, तिच्याच हवाली आपला संग्रह करावासा दात्याला वाटतो.

आजचे दातृत्व अनुदार आहे असे म्हणता येणार नाही. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार जमनालाल बजाज प्रतिष्ठानच्या पैशांतून झाला आणि २००८ साली ती वास्तू पुन्हा खुली झाली. काम उत्तम झाले. पण एकंदरीत मोठा पैसा इमारतीकडे जातो, दालनाकडे जातो, कारण तेथे नावाची पाटी लावता येते. अडकित्त्यावर पाटी कोठे लावणार?

शासन खरेदी करते, नाही असे नाही. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या सदबीज येथे लिलावास निघाल्याची बातमी एप्रिल २०२५ च्या अखेरीस आली. लिलाव अगदी तोंडावर होता. सरकारला स्वतः बोली लावता येत नसल्याने मध्यस्थ गाठावा लागला, आणि वाहतूक व विमा धरून सुमारे ४७ लाख रुपयांत ती तलवार महाराष्ट्राची झाली. त्याच वर्षी पिप्रहवा येथील बुद्धावशेषांबरोबरची रत्ने हाँगकाँगच्या लिलावातून वाचली, ती केंद्र सरकारच्या प्रयत्नांना गोदरेज उद्योगसमूहाच्या पैशाची जोड मिळाल्यामुळे. दोन्ही प्रसंगी जे झाले ते योग्यच झाले. तथापि या दोन्ही खरेद्या धावपळीच्या होत्या. वस्तू परदेशात होती, तिच्याशी भावना जोडलेली होती आणि वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला होता. यांपैकी एकही गोष्ट नसलेली वस्तू, म्हणजे भिगवणच्या एखाद्या माळ्यावरील दप्तर, या यंत्रणेच्या नजरेसच पडत नाही. लंडनच्या तलवारीसाठी लागते त्याच्या शतांश रकमेत ते दप्तर वाचू शकते. मात्र ती रक्कम योग्य दिवशी हाताशी असावी लागते.

इंग्लंडात या प्रश्नाला फार पूर्वी उत्तर शोधले गेले. नॅशनल आर्ट कलेक्शन्स फंड ही वर्गणीदारांची संस्था १९०३ साली निघाली. देशातील चित्रे श्रीमंत परदेशी ग्राहकांच्या हाती जात होती आणि सरकारी संग्रहालयांना तोकड्या तरतुदीमुळे त्यांच्याकडे नुसते पाहत बसावे लागत होते. तीनच वर्षांत, १९०६ साली, वेलास्केझचे व्हीनसचे चित्र ४५ हजार पौंडांना घेऊन या संस्थेने ते लंडनच्या नॅशनल गॅलरीला दिले. तीच संस्था आज आर्ट फंड या नावाने काम करते आणि तिचे सभासद लाखाहून अधिक आहेत. प्रांतोप्रांतीच्या लहान संग्रहालयांच्या खरेदीला सरकारी निधीतून जोड देण्याची पद्धत तर त्याहूनही जुनी, १८८१ सालची. या पद्धतीतील खरी मेख ‘जोड’ या शब्दात आहे. निधी सर्व रक्कम देत नाही. काही वाटा संग्रहालयाने आपल्या गावातून उभा करावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे दोन गोष्टी साधतात. थोड्या पैशात अनेक खरेद्या होतात, आणि ही वस्तू आपल्या गावात राहावी असे गावाला खरोखर वाटते काय, याची परीक्षाही होते. सार्वजनिक वस्तूची मागणी मोजण्याचे साधन नसते अशी तक्रार अर्थशास्त्री नेहमी करतात. वर्गणीची पावती हे त्यातल्या त्यात बरे साधन आहे.

आपल्याकडील कायदा या बाबतीत मोठा चमत्कारिक आहे. चित्र, हस्तलिखित किंवा पुरातन वस्तू शासनाला, विद्यापीठाला अथवा अधिसूचित सार्वजनिक संग्रहालयाला दिली तर भांडवली नफ्यावरील कर लागू नये, अशी तरतूद आयकर कायद्यात फार पूर्वी केली गेली. म्हणजे विक्रेत्याला संग्रहालयाकडे वळविण्याची सोय केली. ग्राहकाच्या खिशात पैसा घालायचे मात्र राहून गेले. दुसरीकडे, देणगीवरील करसवलत केवळ पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीला मिळते. घरातील अमूल्य तैलचित्र संग्रहालयाला देऊन टाकणाऱ्याला ती मिळत नाही, तेच चित्र बाजारात विकून आलेल्या पैशातून धनादेश देणाऱ्याला मिळू शकते; आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या व्यक्तीला तर तीही नाही. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याने निर्यात रोखली हे चांगले झाले. परंतु सीमा बंद केली की देशांतर्गत भाव उतरतो, आणि उतरलेल्या भावात खरेदी करायला सार्वजनिक ग्राहकच नसेल तर त्या बंदीचा लाभ खासगी दिवाणखान्यांना होतो.

पैसा आणायचा कोठून? अवर्षणाने गांजलेल्या तालुक्यात पाणी आणि शाळा सोडून अडकित्ते कसले विकत घेता, हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. कोणत्याही पंचायत समितीने पाणीयोजनेतील पैसा इकडे वळवावा असे कोणी म्हणणार नाही. तथापि २०१३ च्या कंपनी कायद्याने विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. त्याच्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचे जतन स्पष्ट शब्दांत आहे, आणि कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदाच सांगतो. भिगवणला कागदाचा कारखाना आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वाहने, दुग्धपदार्थ, चॉकलेट तयार होतात. साखर कारखान्यांचा तर हा मुलूखच. आरोग्य आणि शिक्षण यांना द्यायचे ते देऊन झाल्यावर उरणाऱ्या लहानशा अंशातून बारामती-इंदापूरसाठी एक कायम खरेदी-निधी उभारता येईल. मूळ रक्कम मोडायची नाही, व्याजातून खरेदी करायची आणि निम्मा वाटा गावाने घालायचा.

याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे. जुन्या वस्तूला पैसा मिळू लागला की चोरालाही उत्साह येतो. देवळांतून मूर्ती नाहीशा होण्याचे प्रकार महाराष्ट्राला नवे नाहीत. म्हणून अशा निधीचा पहिला नियम नकाराचा असला पाहिजे. देवळातील मूर्ती, वीरगळ, शिळा यांची खरेदी मुळीच नाही; त्यांची जागा त्यांच्या गावातच. मालकी आणि घराण्याचा इतिहास लेखी मिळाल्याशिवाय इतर वस्तूंचीही नाही. जमिनीत सापडलेल्या नाण्यांच्या गाडग्याला १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो; ते थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले पाहिजे. आणि अद्वितीय वस्तूसाठी तीन ठिकाणचे दर मागविण्याची कार्यालयीन सवय येथे चालणार नाही. त्याऐवजी जाणकारांची लहान समिती, ठराविक रकमेपर्यंत आठ दिवसांत निर्णय घेण्याचा अधिकार आणि प्रत्येक खरेदीचा जाहीर हिशेब हवा.

वस्तू ठेवायच्या कोठे, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून घराघरांतील कागद जमविले ते काही प्रासाद बांधून झाल्यावर नव्हे. रोहित पक्षी पाहायला येणारा प्रवासी नौकेतून उतरल्यावर तासभर रिकामाच असतो. भिगवण-कुंभारगावच्या किनाऱ्यावर दोन कोरड्या, कुलूपबंद खोल्या, एक प्रशिक्षित माणूस आणि बुडालेल्या गावांची नावे लिहिलेला नकाशा एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

त्याआधी हवी ती नोंदवही. कोणाच्या घरी काय आहे, ते कोणी घडविले, कधी आले, विकण्याची वेळ आली तर आधी कोणाला कळवावे, एवढे तिच्यात असले तरी पुरे. तालुक्यातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना हे काम एका सत्रात जमण्यासारखे आहे. घरोघरचे माळे झाडले जातात ते दिवाळीच्या आधी, आणि जुनी भांडी देऊन नवी घेण्याचा व्यवहारही त्याच पंधरवड्यात होतो. विद्यार्थ्यांनी घरोघर जायचे ते त्यापूर्वीच गेले पाहिजे.