हात मोडला तर पट्टी आवळू नका

मी शेतीखात्याचा माणूस. बियाणे, खते, फवारणी सोडून हा हाडांविषयी काय सांगणार, असे तुम्हांला वाटेल. पण एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी हरभऱ्याचे प्रात्यक्षिक पाहायला मी एका वाडीवर गेलो होतो. ज्यांच्या रानात प्लॉट होता, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. तीन दिवसांपूर्वी तो चिंचा पाडताना झाडावरून पडला आणि उजव्या कोपराच्या जरा वर हाड मोडले. जवळच्या गावातल्या हाडवैद्याने पाल्याचा लेप दिला, वर बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि सुतळीने करकचून बांधले. पहिली रात्रभर पोर ओरडत होते. ‘‘हाड बसतंय, कळ येणारच,’’ म्हणून आजीने समजूत घातली. दुसऱ्या दिवशी रडणे कमी झाले, तेव्हा घरच्यांना हायसे वाटले.

मी बोटे पाहिली. सुजलेली, काळीनिळी आणि गार. चिमटा काढला तरी पोराला कळेना. रडणे थांबले होते ते गुण आला म्हणून नव्हे, हाताची जाणीवच गेली होती म्हणून. तसेच जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी नेले. हात कापावा लागला नाही, पण बोटे आत वळली ती कायमची. हाड मात्र छान जुळले!

असे का झाले, हे ज्यांनी आंब्याची कलमे बांधली आहेत त्यांना चटकन कळेल. कलमाची प्लॅस्टिकची पट्टी घट्टच बांधावी लागते. पण कलम जोर धरू लागल्यावर ती वेळेवर सोडली नाही, तर खोड फुगते, पट्टी सालीत रुतते आणि तिथे काच पडतो. मोडलेला हातही असाच फुगतो. कलमाला महिने लागतात, हाताला काही तास पुरतात.

हाड मोडले की आत रक्त साकळते, सूज चढते. हाताचे स्नायू चिवट पडद्यांच्या पिशव्यांत बसवलेले असतात. त्यात बाहेरूनही आवळले, म्हणजे सुजेला वाव राहत नाही. आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायूंची उपासमार सुरू होते. साधारण सहा तास असे गेले की स्नायू मरू लागतात. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. तो आखडून दोरीसारखा होतो आणि बोटांना आत ओढतो. फोल्कमान नावाच्या जर्मन शल्यवैद्याने १८८१ साली या व्यंगाचे कारण मांडले. आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते.

सगळ्या हाडवैद्यांना मी नावे ठेवत नाही. त्यांच्यातही हलक्या हाताची माणसे असतात. ह्यू ओवेन थॉमस हा एकोणिसाव्या शतकातला मोठा अस्थितज्ज्ञ वेल्समधल्या हाडवैद्यांच्याच घराण्यातला होता. त्याने काढलेली ‘थॉमस स्प्लिंट’ मोडलेल्या पायासाठी दवाखान्यांतून अजून वापरतात. आणि आपल्याकडचे म्हणाल, तर सुश्रुताने फार पूर्वीच बजावून ठेवले आहे की बंध सैल राहिला तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट झाला तर सूज, वेदना आणि पू होतो. घरची वडीलधारी मंडळी हट्ट धरू लागली, तर त्यांना सुश्रुताचे नाव सांगा.

आता रानात प्रसंग आलाच तर काय करायचे? हातातली कडी, बांगड्या, अंगठी, गंडेदोरे आधी काढा. सूज चढल्यावर ती निघत नाहीत. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ठेवा, ओढून सरळ करू नका. फळी, काठी किंवा घडी घातलेले जाड गोणपाट आधाराला लावा आणि मोडलेल्या जागेच्या वर व खाली मऊ फडक्याने बांधा. गाठीखालून एक बोट सहज गेले पाहिजे. मग उपरण्याची झोळी करून हात गळ्यात अडकवा. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल, तर हळद, राख, माती काहीही लावू नका. स्वच्छ फडके झाकून निघा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाची आठवण करा. वाटेत चहा-पाणी पाजू नका, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. गाडी नसेल तर १०८ फिरवा, ती रुग्णवाहिका फुकट येते.

बंध कोणीही बांधलेला असो, बोटे उघडी ठेवा आणि तासातासाने पाहा. नख दाबून सोडले की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. बोटे गार, फिकट किंवा निळी पडली, मुंग्या आल्या किंवा बधिर झाली, तर धोका समजा. याहून आधीची खूण म्हणजे बोट हळूच सरळ करताना मूल किंचाळते आणि दुखणे दर तासाला वाढत जाते. मनगटाला नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका. अशा वेळी सुतळी जागेवरच कापा आणि तडक दवाखाना गाठा. हाड हलेल ही भीती नको, ते पुन्हा बसवता येते.

प्लॅस्टरही काचते, हे विसरू नका. डॉक्टरांनीच घातले आहे, मग सकाळी पाहू, असे म्हणून रात्र काढू नका. रात्री बारा वाजता गेलात तरी ते प्लॅस्टर चिरून देतील. खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. शिधापत्रिका सोबत असू द्या.

प्लॅस्टर निघाल्यावर कोपर ताठलेले असते. तेव्हा तेल चोळून, जोर लावून ते वाकवणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या हाती मूल देऊ नका. चोळल्याने आणि ओढल्याने कोपराजवळच्या स्नायूत हाडासारखी गाठ धरते आणि सांधा आणखी अडकतो. मुलाला स्वतःच्या हाताने जेवू द्या, केस विंचरू द्या, बादलीत अर्धा तांब्या पाणी घेऊन ओतू द्या. काही आठवड्यांत कोपर आपसूक सुटू लागते.